जुन्या विंडोजवर परत जाणं

जुन्या विंडोजवर परत जाणं म्हणजे कॉम्प्युटरवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम चढवल्यावर ती काढून आधीची चालू होती तीच पुन्हा आणणं, आणि हे करताना फाइली, फॉन्ट, लायसन्स, प्रिंटर यातलं काही गमवायचं नाही. कोणी डाउनग्रेड म्हणतं, कोणी रोलबॅक, मुंबईत दुकानात गेलात की "जुनी विंडोज टाकून द्या" एवढं बोललं तरी पुरतं. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड, तिथल्या काउंटरवर हे काम रोजचंच. काम तसं अर्ध्या दिवसाचं, पण डेटा उडतो तो याच कामात, आणि बहुतेक वेळा घाईने उडतो, म्हणून बॅकअपचा भाग इथे सगळ्यात लांब लिहिलाय.

लोक मागे का येतात

हे काही आजचं नाही. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली तेव्हा ती जड वाटली म्हणून कितीतरी ऑफिसं आधीच्या विंडोज एक्सपीवरच राहिली किंवा परत एक्सपीवर आली, आणि व्हिस्टा बिझनेस आणि अल्टिमेटच्या लायसन्समध्ये एक्सपी प्रोफेशनल वापरायचा हक्क मायक्रोसॉफ्टने दिलेलाच होता. विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला. तिच्यात मोठा फरक असा की विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती मिळायची तशी ११ ची नाहीच, फक्त ६४ बिट, आणि ६४ बिटच्या विंडोजवर जुने १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, ज्या प्रिंटरचा किंवा मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम, फक्त ३२ बिटमध्ये बनला तोही चालत नाही. गिरगावात, दादरला पत्रिका, बिलबुकं छापणारी जी छोटी डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायची, दुकानं आहेत त्यांचं सगळं काम एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरवर आणि त्याच्या लॉकवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या त्या डोंगलवर चालतं, लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजने नाकारला की दुकान बंद, अशा माणसाला "नवीन वापरायला शिका" म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही.

पण मागे यायच्या आधी एक बघून घ्यावं. खूपदा दोष अख्ख्या विंडोजचा नसतो, एका ड्रायव्हरचा किंवा कालपरवा आलेल्या एखाद्या छोट्या अपडेटचा असतो. अपडेट हिस्ट्रीत जाऊन तेवढं अपडेट अनइन्स्टॉल करता येतं, आणि मशीन चालूच होत नसेल तर दोन-तीनदा बूट फसल्यावर जो निळा रिकव्हरी मेनू येतो त्यातही अनइन्स्टॉल अपडेट्स असतं. सिस्टीम रिस्टोअर हेही वेगळं, ते रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंद), ड्रायव्हर आणि सिस्टीमच्या फाइली आधीच्या तारखेला नेतं, ११ वरून १० वर आणत नाही. हे दोन्ही करून भागलं तर पुढचं काही करायची गरजच नाही.

पहिले १० दिवस

विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं की जुनी विंडोज लगेच पुसली जात नाही, ती सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहते, वीस-पंचवीस जीबी सहज खाते. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे गो बॅक असं बटण येतं ते या फोल्डरच्या जिवावर. मुदत १० दिवस. २०१५ ला विंडोज १० आली तेव्हा ही मुदत ३० दिवसांची होती, २०१६ च्या अॅनिव्हर्सरी अपडेटपासून ती १० वर आली, आणि माझ्या मते ही फारच कमी आहे, कारण प्रिंटर आणि लॉक पहिल्याच दिवशी तपासले जातात पण महिन्यातून एकदाच चालणारं काम, जसं की २० तारखेचं जीएसटीचं रिटर्न, ते अडलंय हे कळेपर्यंत बटण गेलेलं असतं. ही मुदत वाढवता येते, कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डिझम या विंडोजमधल्याच साधनाच्या कमांडने ती ६० दिवसांपर्यंत नेता येते, पण मुदत संपायच्या आत, संपल्यावर नाही. अपग्रेड केल्या केल्या पहिल्याच दिवशी हे करून ठेवावं.

आणि जागा कमी पडते म्हणून डिस्क क्लीनअप चालवताना प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन या ओळीवर टिक करू नये. तो आकडा मोठा दिसतो, हात शिवशिवतो, पण ती टिक म्हणजेच विंडोज डॉट ओल्ड गेला आणि परतीचा सोपा रस्ता तिथेच संपला.

बटण दाबल्यावर आधी का परत जाताय असं विचारतं, मग अपडेट तपासून बघू का म्हणून विचारतं, त्याला नको म्हणायचं, मग दोन सूचना येतात त्या मात्र नीट वाचायच्या. एकीत लिहिलेलं असतं की अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम आणि बदललेली सेटिंग जातील, आपल्या फाइली राहतील. दुसरी पासवर्डची: अपग्रेडच्या आधी जो पासवर्ड होता तोच परत गेल्यावर लागणार. मधल्या काळात पासवर्ड बदलला आणि जुना कोणालाच आठवत नाही असं घरोघरी होतं, तेव्हा तो आधी कागदावर लिहून घ्या. अपग्रेडनंतर नवीन यूझर अकाउंट बनवलं असेल तर त्यातल्या फाइली बाहेर काढून ते अकाउंट आधी काढावं लागतं. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालू आहे ना बघा, मुंबईत लाइट क्वचित जाते म्हणून गाफील राहू नये, १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून अख्ख्या शहराची लाइट गेली, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि अर्धवट रोलबॅकमध्ये मशीन बंद पडलं तर नवी विंडोजही नाही आणि जुनीही नाही.

बॅकअप

फाइली राहतील असं विंडोज म्हणते तरी त्याच्यावर विसंबायचं नाही, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक कॉपी झालीच पाहिजे, आणि कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या मशीनला लावून दोनचार फाइली उघडून बघितल्या पाहिजेत.

आपल्याकडे लोक म्हणतात माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडाला तरी चालेल. तसं नसतं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे तिन्ही सीवरच असतात, आउटलुकची मेलची फाइल बरेचदा डॉक्युमेंट्समध्ये असते, टॅलीप्राइमचा डेटा जागा बदलली नसेल तर सीवरच यूझर्सच्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. वनड्राइव्ह चालू असेल तर आणखी एक गोम, ज्या फाइलीवर ढगाचं चिन्ह आहे ती मशीनवर नाहीच, नुसतं नाव दिसतंय, म्हणून ती आधी ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करून उतरवून घ्यायची आणि मग कॉपी.

डीटीपीवाल्यांसाठी फॉन्ट ही सगळ्यात नाजूक गोष्ट. श्रीलिपी, आकृती वगैरेचे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत, त्यात अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिकेची फाइल उघडते, चौकट जागेवर, गणपती जागेवर, आणि नवरीच्या नावाच्या जागी टोपीवाली, शेपटीवाली परकी अक्षरं. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट टाकला की नाव परत येतं, पण तो फॉन्ट हाताशी हवा ना. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं इन्स्टॉल म्हटलं तर तो विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये जातच नाही, त्या यूझरच्या अॅपडेटामध्ये लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा लपलेल्या जागी जातो. म्हणजे विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून "फॉन्ट घेतले" म्हणणाऱ्याचे निम्मे फॉन्ट मागेच राहू शकतात. दोन्ही जागा कॉपी करा. नव्या कोरल ड्रॉमध्ये, म्हणजे पत्रिका मांडायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, सेव्ह केलेली फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, तेव्हा प्रोग्रामची आवृत्तीही खाली येणार असेल तर फाइली आधीच जुन्या आवृत्तीत सेव्ह करून ठेवायच्या.

लायसन्सचं पण तसंच. टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, फॉरमॅटच्या आधी ते टॅलीमधूनच सरेंडर करायचं आणि नंतर पुन्हा अॅक्टिव्हेट. फोर्टमधल्या सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं, त्याची सही टोकनच्या आत असते, मशीन फॉरमॅट केलं म्हणून ती जात नाही, फक्त ड्रायव्हर आणि सही करायचं एमसाइनर हे सॉफ्टवेअर परत टाकावं लागतं, पण ड्रायव्हर टाकल्यावर टोकन इनिशियलाइज करू का असं कुठे विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका, त्याने सही पुसली जाते.

बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करायच्या सोयीचं, तर विसरूच नका. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि मालकाला माहीतही नसतं. त्याची रिकव्हरी की ४८ आकड्यांची, ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे. ती लिहून घ्या आणि काम सुरू करायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करा.

या सगळ्यापेक्षा पक्कं काही असेल तर अपग्रेडच्या आधीच अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवणं. क्लोनझिला फुकट आहे, मशीन पेनड्राइव्हवरून चालू करून इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतो. ती परत टाकली की मशीन त्या दिवशी होतं तसंच्या तसं, प्रोग्रामांसकट. फक्त त्या दिवसानंतरचं काम वेगळं काढून ठेवायचं, कारण इमेज ते पुसून टाकते.

फॉरमॅट मारून

मुदत गेली, इमेज नाही, तर मग क्लीन इन्स्टॉल, म्हणजे फॉरमॅट. नव्या विंडोजवर जुनीचा सेटअप चालवून प्रोग्राम तसेच ठेवून खाली यायची सोय नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे त्यावरून मशीन चालू होईल असा, करायचा, कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरची 'सगळं आधीच टाकलेली' विंडोज अजिबात नको, आत काय घातलंय ते कळायला मार्ग नाही आणि त्याच मशीनवर आपण बँक उघडतो.

सेटअपमध्ये एक स्क्रीन येते तिथे थांबा. तिथे सी, डी असं लिहिलेलं नसतं, ड्राइव्ह ० पार्टिशन १, २, ३, ४ असं असतं, आणि एकाच एसएसडीचे तुकडे असले की तुमचा डी पण त्याच यादीत खाली असतो. आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनचा आकार लिहून घेतला असेल तर इथे चूक होत नाही. घाईतला माणूस सगळी पार्टिशनं डिलीट करून एक नवीन करतो, काम लवकर होतं, पण डी गेला. दुकानात देताना "फक्त सी फॉरमॅट करा, डीला हात लावू नका" हे तोंडी न सांगता बिलाच्या मागे लिहून द्यावं, तरीही बॅकअप आपल्या घरी असावाच.

कधीकधी त्या यादीत डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्क सांभाळायची इंटेलची सोय चालू असते, तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून लोड ड्रायव्हरमधून द्यायचा, डिस्क मेली असं समजू नका. वायफायचा ड्रायव्हरही आधीच उतरवून ठेवा, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' म्हणून पुढे जायचं, फक्त होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो तीच निवडायची, मशीनवर विंडोज १० किंवा ११ आधी रीतसर अॅक्टिव्हेट झालेली असेल तर डिजिटल लायसन्स नेटवर आल्यावर आपोआप लागतं. विंडोज ७ वर जाऊ बघणाऱ्यांनी मात्र थांबावं, २०१५ नंतरच्या बऱ्याच मशीनवर तिच्या सेटअपला यूएसबी ३ चा ड्रायव्हर नसल्याने कीबोर्ड-माउसच चालत नाही, आणि तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय.

मॅक आणि लिनक्स

मॅकमध्ये गो बॅकसारखं बटण नाही, डिस्क पुसून जुन्या मॅकओएसचा यूएसबी इन्स्टॉलर लावावा लागतो, आणि मॅक ज्या आवृत्तीसकट बाजारात आला तिच्या खाली जाता येत नाही. टाइम मशीनचा, म्हणजे मॅकमधल्याच बॅकअपच्या सोयीचा, बॅकअप अपग्रेडच्या आधीचाच हवा, नव्या आवृत्तीतला बॅकअप जुनीत आणताना अडतं. उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती, ती खालच्या आवृत्तीवर आणायची अधिकृत सोय नाही. लिनक्स मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं ते सिस्टीम मागे नेतं, पण होम फोल्डर मुळात त्यात धरलेला नसतो.

परत आल्यावर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना आहे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी विंडोज १० ची २२ एच २ ही शेवटची आवृत्ती हवी आणि सेटिंग्जमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं, आपोआप होत नाही. परत आल्या दिवशीच हे करा. लॉकवर चालणारं एखादं डीटीपी मशीन त्यानंतरही ठेवायचं असेल तर त्याचं नेट काढून टाका, मेल आणि बँक दुसऱ्या मशीनवर, फाइली पेनड्राइव्हने.

आणि नवी विंडोज पुन्हा चढणार नाही हेही बघायचं. प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या त्या खिडकीत, टार्गेट फीचर अपडेट व्हर्जनमध्ये विंडोज १० आणि २२ एच २ लिहून ठेवलं की मशीन तिथेच राहतं. होममध्ये ही सोय नाही, अपडेट ३५ दिवस पॉज करता येतात पण त्यात सिक्युरिटीचेही अडकतात, त्यापेक्षा अपग्रेडची ऑफर आली की खालचं सध्या विंडोज १० वरच राहू हे दाबा, आणि मशीन घरातली चार माणसं वापरत असतील तर त्या प्रत्येकाला ते दाखवून ठेवा.