उन्हाळी बर्बन कॉकटेल (पुणे)

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत लिंबू, साखर, पुदिना, सोडा आणि भरपूर बर्फ घालून केलेली, उन्हाळ्यात चार माणसे जमली की द्यायची थंड पेये. पुण्यात ती मार्चअखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंत केली जातात. जागा बहुधा गच्ची, नाहीतर मुळशी-पानशेतकडचे फार्महाउस, आणि वेळ दिवेलागणीनंतरची. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-४० अंशांवर गेला तरी कोरड्या हवेमुळे रात्री गारवा पडतो, त्या गारव्यात ही पेये खुलतात. रचनेने ती सरबतेच आहेत: आंबट, गोड, चिमूटभर मीठ आणि थंडावा. ज्याच्या हाताला लिंबू सरबत आहे, त्याला ही जमायला वेळ लागत नाही. बिघडतात ती बहुधा बर्फापाशी आणि मोजमापापाशी.

बर्बन म्हणजे काय : अमेरिकी कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर नेता येत नाही. पिंपात भरताना तीव्रता ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि पिंप ओकचे, नवे कोरे व आतून जाळून काळे केलेले असावे लागते. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवे. 'स्ट्रेट' म्हणवणारी बर्बन किमान २ वर्षे मुरलेली असते. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे अमेरिकेचे स्वतःचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. मक्याने तिला गोडवा येतो, जळक्या ओकमुळे व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेची चव येते. या दोन गुणांमुळे ती लिंबाशी आणि गुळाशी पटकन जमते. धुरकट स्कॉचला लिंबाची संगत इतकी सोसत नाही.

पुण्याच्या दुकानांत जिम बीम, मेकर्स मार्क, वुडफर्ड रिझर्व्ह या बर्बन दिसतात. मेकर्स मार्कमध्ये राय या धान्याऐवजी गहू असल्याने ती मऊ लागते, तिला लिंबू थोडे कमी घालावे. जॅक डॅनियल्स ही बर्बन समजून आणली जाते. तिचे उत्पादक तिला टेनेसी व्हिस्की म्हणतात, कारण पिंपात भरण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात. खालच्या सगळ्या कृतींत ती बिनदिक्कत चालते. मळीच्या स्पिरिटचा अंश असलेली स्वस्त देशी व्हिस्की मात्र लिंबाबरोबर उग्र लागते आणि साखर वाढवूनही सावरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. राज्याचे कर वेगळे असतात, त्यामुळे बाटली अजूनही महागच पडते. म्हणून महागडी, जास्त मुरलेली बाटली कॉकटेलमध्ये घालू नये. लिंबापुढे तिचे बारकावे उरत नाहीत.

बर्फ : सगळा खेळ इथे आहे. बर्फ पेय थंड करतो तो वितळून, म्हणजे थंडाव्याबरोबर पाणीही येते. थोडे पाणी हवेच, कारण त्याशिवाय कॉकटेल घशाला जाळते. पण किती येऊ द्यायचे ते आपल्या हातात असते. मे महिन्यात कपाटातली बाटली सहज ३५ अंशांवर असते. ४५ मिलि बर्बन त्या तापमानावरून शून्यावर आणायला सुमारे १५ ग्रॅम बर्फ वितळतो. तीच बाटली आधी फ्रिजमध्ये ५ अंशांवर ठेवली असेल तर २ ग्रॅम पुरतात. पाक, लिंबाचा रस आणि सोडा यांनाही हाच हिशेब लागू. म्हणून सकाळीच सगळे फ्रिजमध्ये टाकावे आणि ग्लास २० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावेत. 'पहिला ग्लास छान, दुसरा पाणचट' ही तक्रार यानेच बहुतांशी जाते.

माणशी ७५० ग्रॅम ते १ किलो बर्फ धरावा. ८ जणांना ६ ते ८ किलो लागतो. घरच्या एका ट्रेमध्ये पाव किलोच्या आत-बाहेर बर्फ बसतो, तेव्हा आदल्या दोन दिवसांपासून ट्रे रिकामे करून पिशवीत साठवत जावे, नाहीतर खाण्याच्या बर्फाची पाकिटे आणावीत. बर्फाच्या कारखान्यातली लादी घेताना जपावे. निळसर छटा दिलेला बर्फ खाण्याचा नसतो, तो बाटल्या गार करायला घमेल्यात चालेल, ग्लासात नाही. पेटीत बर्फ स्वतःच्याच पाण्यात डुंबू देऊ नये. पाण्याने ओलाचिंब झालेला खडा शेकरमध्ये, म्हणजे पेय बर्फासह हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, पडला की पहिल्याच हिसक्यात पेय पातळ होते. थर्मोकोलच्या पेटीत तळाशी जाळी किंवा उपडी चाळणी ठेवली की पाणी खाली राहते.

लिंबू, पाक, मीठ : पाश्चात्त्य कृतींतले पिवळे मोठे लेमन आणि मंडईतले कागदी लिंबू ही दोन वेगळी फळे आहेत. कागदी लिंबू लहान, त्याचा वास तीव्र आणि एका लिंबातून १२ ते १५ मिलि रस निघतो. त्यामुळे 'अर्धे लिंबू' असे माप इथे फसते. रस मोजूनच घ्यावा. पातळ सालीचे, पिवळसर, हाताला जड लागणारे लिंबू घ्यावे. ते पोळपाटावर तळव्याने दाबून फिरवले की रस मोकळा होतो. पिळताना शेवटच्या थेंबासाठी साल चुरगळू नये आणि बी चिरडू नये, कडवटपणा तिथूनच येतो. रस गाळून फ्रिजमध्ये ठेवला तर त्याच दिवशी चांगला. दुसऱ्या दिवशी तो कडू आणि शिळकट लागतो.

साखर थंड पेयात विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून पाक. २०० ग्रॅम साखर आणि २०० मिलि पाणी साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. सुमारे ३२० मिलि पाक होतो आणि फ्रिजमध्ये २ आठवडे टिकतो. उकळत ठेवला तर पाणी उडून तो घट्ट होतो आणि पुढची सगळी मापे चुकतात. एकतारी, दोनतारी इथे नको. मधाचेही तसेच: २ भाग मधात १ भाग कोमट पाणी कालवून ठेवावे, कारण नुसता मध बर्फाला लागताच गोळा होतो. मिठासाठी १०० मिलि पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून ठेवावे आणि ग्लासाला २ थेंब टाकावेत. खारटपणा जाणवता कामा नये, पण कडवटपणा दबतो आणि लिंबू उजळते. सरबतात चिमूटभर मीठ टाकण्यामागे हेच कारण आहे.

मापाला ३० आणि ६० मिलिचा पेग मेजर बहुतेक घरांत असतो. १० आणि १५ मिलिसाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे, खुणा असलेले प्लास्टिकचे झाकण स्वच्छ धुऊन वापरावे. अंदाजाने ओतणारा हात दुसऱ्या ग्लासनंतर सैल होतो.

मूळ पेय, व्हिस्की सावर : ४५ मिलि बर्बन, २० मिलि लिंबाचा रस, २० मिलि पाक, मिठाचे २ थेंब. शेकर दोन तृतीयांश बर्फाने भरून १२ ते १५ सेकंद जोरात हलवावे. बाहेरून भांडे पांढुरके होऊन बोटांना झोंबू लागले की थांबावे. हलवताना आधी खडखड असा कोरडा आवाज येतो, मग तो दबका होत जातो. अगदी पाण्यात बर्फ हलल्यासारखा आवाज येऊ लागला तर वेळ टळली. गाळून ताज्या बर्फावर ओतावे; शेकरमधला झिजलेला बर्फ ग्लासात घेऊ नये. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि चहाची गाळणी पुरते. सोडा कधीही आत घालून हलवू नये, दाबाने झाकण उडते.

वर फेस हवा असेल तर अंड्याचा पांढरा भाग घालतात. उन्हाळ्यात कच्चे अंडे टाळलेले बरे, शिवाय जमलेल्यांत शाकाहारी असतातच. बिनमिठाने शिजवलेल्या काबुली चण्यांचे घट्टसर पाणी २० मिलि घालून आधी बर्फाशिवाय १० सेकंद आणि मग बर्फासह हलवले की तसाच फेस येतो. चण्याचा वास राहतो तो पाणी पातळ असले की. ते आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतके चिकट करावे.

याच सावरमध्ये पाकाऐवजी मधाचे पाणी घातले की गोल्ड रश. हे पेय २००० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये आले. शेकरमध्ये पुदिन्याची ८ पाने आणि लिंबाच्या दोन फोडी हलकेच दाबून घेतल्या की स्मॅश. उंच ग्लासात ९० मिलि सोडा वरून घातला की कॉलिन्स या कॉकटेलच्या जातीचे सोडायुक्त पेय, आणि पुण्याच्या उकाड्याला हेच सर्वांत सोसते.

मिंट ज्युलेप : अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होणाऱ्या घोड्यांच्या डर्बी शर्यतीचे हे ठरलेले पेय. ६० मिलि बर्बन, १० मिलि पाक, पुदिन्याची ८-१० पाने आणि चुरलेला बर्फ, लिंबू नाही. पाने पाकात ठेवून लाकडी रवीच्या बोंडाने फक्त दाबायची. वाटली किंवा फाटली तर हिरवट कडूपणा उतरतो आणि पेयाला चटणीचा वास येतो. बर्फ जाड, स्वच्छ कापडाच्या पिशवीत घालून लाटण्याने ठेचावा, कापड जादा पाणी शोषून घेते. केंटकीत ज्युलेप चांदीच्या किंवा कथील-मिश्रधातूच्या पेल्यात देतात. आपला स्टीलचा पेला हे काम चोख करतो, त्याच्यावर दव धरते. वरच्या पुदिन्याची जुडी तळहातावर एकदा आपटून खोचावी, म्हणजे घोटाबरोबर वास नाकाशी येतो. मात्र यात बर्बन सर्वांत उघडी असते, म्हणून पाहुण्यांना एकच द्यावे.

केंटकी म्यूलमध्ये ४५ मिलि बर्बन, १५ मिलि लिंबू आणि वर जिंजर बिअर (आल्याचे गोड फसफसते पेय) किंवा आल्याचा सोडा. पुण्यात कॅम्पातल्या अर्देशीर या १८८४ पासूनच्या पारशी सोडा कारखान्याचा जिंजर सोडा आहे. तो मुळातच गोड असल्याने पाक घालू नये. हे पेय तांब्याच्या मगात देतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याची भांडी अजून घडवली जातात, पण असा मग विकत घेताना आतून कल्हई आहे ना ते बघावे. उघड्या तांब्यात लिंबू किंवा कोकम टाकले की आम्लाने तांबे पेयात उतरते.

इथल्या जिन्नसांची पेये : कैरीचे पन्हे बर्बनला सर्वांत जवळचे. कैरी उकडण्यापेक्षा वाफवलेली बरी, गर पाणचट होत नाही. तो चाळणीवर घासून, गुळाने गोड करून, वेलदोडा घालून ठेवावा. ४५ मिलि बर्बन, ४० मिलि गोड गर, बर्फ आणि ९० मिलि सोडा. सोडा चमच्याच्या दांड्यावरून हळू सोडावा. गराच्या कणांवर वायू एकदम सुटतो आणि घाईने ओतला तर अर्धा ग्लास फेसाने बाहेर जातो. केशर घालू नये, ओकच्या वासाखाली ते वाया जाते.

कोकमासाठी आगळ आणि तयार गोड सरबत यांत गल्लत होते. आगळ खारट आणि जहाल आंबट असते: १० मिलि आगळ, २५ मिलि पाक, ४५ मिलि बर्बन, सोडा, आणि मीठ अजिबात नाही. उसाचा रस रसवंतीवरून बिनबर्फाचा, आले-लिंबू घालून घ्यावा आणि अर्ध्या तासात संपवावा. नंतर तो काळवंडतो व आंबूस वास धरतो. ९० मिलि रसाला ४५ मिलि बर्बन, १० मिलि जादा लिंबू. आमरस मात्र या घरातला नव्हे. तो जड असतो, बर्बनची चव झाकतो आणि बर्फाने नुसता फाटल्यासारखा होतो. मस्तानीत बर्बन ओतण्याची कल्पना कुणी मांडली तर ती तिथेच थांबवावी.

जमावासाठी : इंग्रजीतला 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरूनच गेला असे सामान्यतः मानले जाते. दारू, आंबट, गोड, पाणी आणि मसाला असे ते पाच जिन्नस. ८ जणांना प्रत्येकी दोन ग्लास द्यायचे तर ७५० मिलिची एक बाटली पुरते. त्यात ३२० मिलि लिंबाचा रस, म्हणजे सुमारे २५ लिंबे, वर सांगितलेला पूर्ण ३२० मिलि पाक, आणि ३०० मिलि गार प्यायचे पाणी. हे पाणी विसरले की सगळे गणित फसते, कारण इथे शेकर नाही आणि बर्फ हलवताना मिसळणारे पाणी आपल्यालाच घालावे लागते. मिश्रण ४ तास फ्रिजमध्ये ठेवावे. १०५ मिलि एका ग्लासाला, ताज्या बर्फावर, वरून सोडा. बर्फ किंवा सोडा मिश्रणाच्या जगमध्ये टाकू नये. मिश्रणातच सुमारे १८ टक्के अल्कोहोल असते आणि ते सरबतासारखे उतरते, म्हणून त्या जगवर चिठ्ठी चिकटवावी व मुलांसाठी हेच लिंबू-पाक-मीठ वेगळ्या रंगाच्या भांड्यात करावे. खारट फरसाणाने तहान वाढून ग्लास भराभर रिकामे होतात. काकडी, कलिंगड, उकडलेल्या शेंगा बऱ्या. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधे पाणी ठेवावे. मेअखेरीस वळवाचा पाऊस अर्ध्या तासात गच्ची धुऊन काढतो, तेव्हा आत हलवायची सोय आधीच बघावी.

परवाना : महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार व्हिस्की पिण्यास वय २५ वर्षे पूर्ण हवे आणि परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव मिळतो. हॉल किंवा लॉनवर मद्य द्यायचे असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. तारीख ठरवताना ड्राय डे तपासावा. वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच असल्याने मुळशीहून परतणाऱ्यांसाठी न पिणारा चालक किंवा मुक्कामाची सोय लागते.

उरलेली बर्बन उभ्या बाटलीत, बूच घट्ट लावून, उन्हापासून दूर ठेवली तर महिनोन्महिने टिकते. उरलेला पाक फ्रिजमध्ये ठेवावा. लिंबाचा रस उरला तर दुसऱ्या दिवशी तांब्या-पितळेची भांडी घासायला घ्यावा.