स्टोव्हचा भडका, सिलिंडरची धास्ती

'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' ही एकेकाळी मराठी वर्तमानपत्रांतली नेहमीची बातमी. (सगळ्याच भडक्यांमागे स्टोव्ह नसायचा, हे वाचणाऱ्यांनाही कळायचं.) तरी पितळी स्टोव्हची भीती कुणाला वाटली नाही. काकडा पेटवायचा, बर्नर तापला की पंप मारायचा, ज्योत फरफरली की पिन मारायची. हात सरावले होते.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर बर्मा-शेलनं मुंबईत 'बर्शेन' या नावानं गॅस आणला, तेव्हा मात्र लोक बिचकले. लोखंडी नळा स्वयंपाकघरात, तोही ओट्याखाली! शिवाय गॅसवरच्या पोळीनं पोटात गॅस होतो, ही समजूत होतीच.

या गॅसला मुळात वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू तळघरात साचून स्फोट झाला. जवळपास तीनशे जण गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळणं सक्तीचं होत गेलं. गळती नाकाला कळू लागली.

आपल्याकडे मात्र धास्ती घालवली ती टंचाईनं, असं मला वाटतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नंबर लागायला वर्षं जायची, खासदारांच्या कोट्यातून कनेक्शन मिळवण्यासाठी वशिले लागायचे. ज्याच्यासाठी एवढी खटपट करायची, त्याला घाबरणार कोण?

पुढे हीच भीती सीएनजीच्या वाट्याला आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या आदेशानं दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर गेल्या. मुंबईतही न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सी वळल्या. पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर आला आणि बॅगा टपावरच्या कॅरियरवर गेल्या. सुमारे २०० बार दाबाच्या टाकीला पाठ लावून बसायचं, म्हणून प्रवासी चुळबुळत. खरं तर स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. सीएनजी हलका, मोकळ्यावर वर निघून जातो. ड्रायव्हरांची तक्रार वेगळीच होती: पिकअप पडतो आणि पंपावर रांग.

आता पाळी बॅटरीची. मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला पेटलेल्या ई-स्कूटरचा व्हिडिओ घरोघरी पोचला. त्याच वर्षी डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. पण सोसायटीच्या सभेत चार्जिंग पॉइंटचा विषय निघाला की अजून आवाज चढतात. खाली पार्किंगमध्ये भरल्या टाक्यांच्या पेट्रोल स्कूटर ओळीनं उभ्या असतात.