दहा ते साडेबारा : पाच रकान्यांचा हिशेब

घरी राहून मुले सांभाळणाऱ्या आईला, आणि आता क्वचित बापालाही, एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : मुले शाळेत गेल्यावर दिवसभर करता तरी काय? कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका वहिनींनी गेल्या पावसाळ्यात माझ्या विनंतीवरून या प्रश्नाचे उत्तर लिहून काढले. वहीच्या दोन पानांवर पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने आखले आणि एका मंगळवारी जे काम जेव्हा केले, ते त्या रकान्यात लिहिले. ही आखणी माझ्या मनची नाही. देशातील माणसांचा वेळ मोजताना सरकारही दिवसाचे असेच तुकडे पाडते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराचे पहिले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आणि दुसरे २०२४ मध्ये केले. दुसऱ्या वेळी सुमारे १,३९,००० घरांतील सहा वर्षे व त्यापुढच्या वयाच्या ४,५४,००० व्यक्तींचा आदला दिवस नोंदवला गेला. अशी रोजनिशी कशाला हवी, "घरकामाला रोज किती तास लागतात" असे सरळ विचारले तर काय बिघडले, अशी शंका येणे साहजिक आहे. सरळ विचारले की माणूस अंदाज सांगतो, आणि सगळ्या कामांच्या अंदाजांची बेरीज केली तर दिवस २४ तासांपेक्षा मोठासुद्धा होऊ शकतो. रोजनिशीत तसे करता येत नाही, कारण तिथे बेरीज १,४४० मिनिटांचीच असावी लागते आणि एका कामाला जास्त मिनिटे दिली तर ती दुसऱ्या कोणत्या तरी कामातून काढावी लागतात.

घरातल्या माणसांसाठी बिनमोबदला केलेल्या घरकामाला २०१९ मध्ये स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे निघाली. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. यातील एक खाच वाचकाने ध्यानात घ्यावी. ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांपुरतीच असते, आणि २०१९ मध्ये असे काम केलेल्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, तर पुरुष २६. पहिल्या सर्वेक्षणाचे हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मधील एका निकालात, अपघातात दगावलेल्या गृहिणीच्या कामाचे मोल ठरवताना आधारासाठी घेतले होते. मोजमापाचा उपयोग होतो तो असा. मात्र २८९ मिनिटे हा आकडा ती मिनिटे दिवसभरात कशी पसरली होती हे सांगत नाही, आणि शाळेच्या वेळेचे कोडे नेमके त्या पसरण्यात आहे.

वहिनींचा थोरला मुलगा सातवीत आहे. त्याची शाळा सकाळच्या सत्रात भरते. तो पावणेसातला घर सोडतो आणि साडेबाराला रिक्षाने परततो. धाकटी दुसरीत आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच आहे. धाकटीची शाळा दहाला भरते, म्हणून वहिनी नऊ चाळीसला गाडी काढतात. म्हणजे एक मूल पावणेसहा तास आणि दुसरे त्याहून जास्त वेळ घराबाहेर असले, तरी दोन्ही मुले एकाच वेळी बाहेर असण्याचा काळ नऊ चाळीस ते साडेबारा, अवघा १७० मिनिटांचा. त्यातून धाकटीला सोडण्याची वीस मिनिटे वजा केली की उरतात १५०, म्हणजे वहीतले पाच रकाने. शनिवारी शाळा सकाळची असल्यामुळे तेवढेही उरत नाहीत.

पहिल्या रकान्यात परतीच्या वाटेवर कपिलतीर्थ मंडईतली भाजी आहे. दुसऱ्यात यंत्रात कपडे घालणे, भांडी, सासूबाईंचा दुसरा चहा आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण. तिसऱ्यात केर-फरशी, आणि गॅसची टाकी आणणारा आला म्हणून अर्धीच राहिलेली फरशी. चौथ्यात कपडे वाळत घालणे, पाऊस आला म्हणून तेच कपडे काढून आतल्या दोरीवर टाकणे आणि कोरड्यास चुलीवर चढवणे. पाचव्या रकान्याकडे शेवटी येईन.

वहीत एक काम मात्र मला सापडले नाही, आणि मी विचारल्यावर वहिनींनाही नवल वाटले. त्या दिवशी त्यांनी ज्वारीचे दळण आणले होते. मंडईला जाताना डबा गिरणीत ठेवायला चार मिनिटे लागली, कपडे आत टाकल्यावर तो आणायला पाच, आणि दोन्ही वेळा लिहिण्याइतके ते काम त्यांना मोठे वाटले नाही. सरकारी सर्वेक्षणातही ते निसटले असते. एका अर्ध्या तासात अनेक कामे झाली असतील, तर दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक चाललेलीच कामे टिपायची, आणि तीही जास्तीत जास्त तीन, असा तिथला नियम आहे. लाखो माणसांना विचारायचे तर असा नियम हवाच, हे मान्य आहे. पण ज्याचा दिवस चार-चार मिनिटांच्या कामांनी भरलेला असतो, त्याच्या दिवसातले या चाळणीतून सर्वांत जास्त गळते.

घरात यंत्रे आल्यावर वेळ वाचायला हवा होता, असेही कुणी म्हणेल. जोअन व्हानेक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये अमेरिकेतील जुन्या रोजनिशा तपासून दाखवले की, नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ मध्ये आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत होत्या आणि १९६०च्या दशकात सुमारे ५५ तास. कपड्यांवर जाणारा वेळ तर यंत्रे येऊनही वाढलेला होता, कारण घरातले कपडे वाढले आणि ते धुण्याच्या खेपाही वाढल्या. तो देश आणि तो काळ वेगळा होता, तरी आपल्या दोरीवर रोज वाळणाऱ्या गणवेशांकडे पाहिले की कारण ओळखीचे वाटते.

हातांनी केलेले काम निदान दिसते तरी. अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये घरातील उत्पादक काम ओळखण्याची एक कसोटी दिली होती : जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल, ते काम. भांडी, केर, स्वयंपाक या कसोटीला सहज उतरतात. शुक्रवारी प्रकल्पासाठी घोटीव कागद लागणार आहे, थोरल्याचे बूट आता चावतात, सासूबाईंच्या गोळ्या चार दिवसांच्याच उरल्या आहेत, हे लक्षात ठेवण्याचे काम मात्र कुणावर सोपवणार? ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून २०१९ मध्ये या कामाचे चार भाग सांगितले : गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरलेले पार पडले की नाही यावर नजर ठेवणे. त्यांतला निर्णय नवरा-बायको बहुधा मिळून घेतात. पहिल्या आणि शेवटच्या भागाचा भार मात्र मुख्यतः बायकोवर पडतो, असे त्यांना आढळले. या कामाला रकाना नाही. ते भांडी घासता घासता चालते आणि वहीत "भांडी" एवढेच उतरते.

तुकड्या-तुकड्यांनी काम करण्याची स्वतःची अशी एक किंमत असते. एक काम अर्ध्यावर टाकून दुसऱ्याकडे वळले, तर लक्षाचा काही अंश मागच्याच कामात अडकून राहतो आणि पुढचे काम तेवढे कमी चांगले होते, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले. पाच सलग रकान्यांत माणूस शिवणाचा एक कपडा पुरा करील, स्पर्धा परीक्षेचा एक धडा वाचील. तोच वेळ पंचवीस ठिकाणी तुटला असेल, तर दोन्हींपैकी काही होत नाही, आणि यात आळसाचा काही संबंध नसतो. कळंब्याकडे राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी, जे मुलगी तीन वर्षांची झाल्यापासून घर सांभाळतात, अशीच वही एक दिवस भरली. नोंदी वेगळ्या होत्या, पण वेळ तसाच तुटलेला होता.

आता पाचवा रकाना, बारा ते साडेबारा. त्यात "भाकरी" हा एकच शब्द आहे. तो वाचताना मला स्टीफन सेसी आणि युरी ब्रॉनफेनब्रेनर यांचा १९८५ मधला प्रयोग आठवला. त्यांनी दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना भट्टीत केक ठेवून तीस मिनिटांनी काढायला सांगितले आणि तोवर खेळायला बसवून ती घड्याळाकडे किती वेळा पाहतात हे मोजले. आपापल्या घरात असलेली मुले सुरुवातीला पुन्हा पुन्हा घड्याळ पाहून वेळेचा अंदाज बसवीत, मध्यंतरी खेळात रमत आणि शेवटच्या मिनिटांत पुन्हा सारखी घड्याळाकडे वळत. ठरलेल्या वेळी करायचे काम मनात असले की वेळ जवळ येईल तसे हातातल्या कामातले लक्ष तिकडे ओढले जाते, आणि तो शेवटचा तुकडा दुसऱ्या कशासाठी फारसा उपयोगाचा राहत नाही.

मी वहिनींना त्या अर्ध्या तासाबद्दल पुन्हा विचारले. त्यांनी आठवून सांगितले : पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा पाऊस वाढला होता. थोरल्याचा रेनकोट दारामागच्या खुंटीलाच राहिला होता, हे त्यांना तेव्हाच दिसले. साडेबाराच्या आधी त्यांनी चार वेळा घड्याळ पाहिले, दोनदा गॅस बारीक करून गॅलरीत जाऊन आल्या, आणि त्यातल्या एका खेपेला भाकरी एका बाजूने करपली. तिच्यासकट सहा भाकऱ्या झाल्या. साडेबारा ते एकच्या रकान्यात पहिली नोंद आहे : "रिक्षा आली. दप्तर ओले."