ऊर्जा अक्षय्यतेचा नियम

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम : परिसराशी ऊर्जेची कोणतीही देवाणघेवाण नसलेल्या, म्हणजेच विलग, प्रणालीतील एकूण ऊर्जा कायम राहते, ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, परंतु नव्याने निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही, असे सांगणारा भौतिकशास्त्राचा मूलभूत नियम. एखाद्या प्रक्रियेत नेमके काय घडेल हे या नियमावरून कळत नाही. काय घडणे अशक्य आहे एवढेच कळते, आणि त्याचे सामर्थ्य याच मर्यादेत आहे. यंत्राच्या आतील रचना मुळीच माहीत नसली, तरी ते घेतलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा देणार नाही, असे त्याच्या आधारे ठामपणे म्हणता येते.

१ किग्रॅ. वस्तुमानाची वस्तू १० मी. उंचीवरून खाली पडली, तर सुरुवातीस तिच्याकडे असलेली सुमारे ९८ ज्यूल स्थितिज ऊर्जा जमिनीला टेकण्याच्या क्षणी गतिज ऊर्जेत परिवर्तित झालेली असते आणि वस्तूचा वेग सेकंदाला १४ मी. असतो. त्यानंतर वस्तू थांबते आणि ही ऊर्जा वरकरणी नाहीशी होते. प्रत्यक्षात वस्तू व जमीन किंचित तापलेली असतात. परंतु ९८ ज्यूल ऊर्जेने १ किग्रॅ. पाण्याचे तापमान जेमतेम ०.०२३ °से. वाढते आणि एवढा फरक हाताला तर नाहीच, साध्या तापमापकालाही जाणवत नाही. यांत्रिक गतीचा हिशेब मांडणाऱ्यांना शेवटी नेहमी तूट का दिसत होती आणि ती भरून काढण्यास दीडशेहून अधिक वर्षे का लागली, याचे उत्तर बऱ्याच अंशी या एका आकड्यात आहे.

बाहेरून ऊर्जा न घेता निरंतर चालणारे यंत्र अशक्य आहे ही खात्री नियमापेक्षा जुनी आहे. सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये उतरणीवरील समतोलाचा नियम याच गृहीतावरून सिद्ध केला होता. स्थितिस्थापक टकरीत (जिच्यात वस्तू कायमच्या न चेपता एकमेकींपासून उसळतात) वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज कायम राहते, हे क्रिस्तिआन हायगेन्झ यांनी १६६९ मध्ये दाखविले. गतीचे खरे माप वेगावर अवलंबून असते की वेगाच्या वर्गावर, याविषयी १६८६ मध्ये लायप्निट्स यांनी देकार्तच्या मताविरुद्ध सुरू केलेला वाद पुढे बरीच वर्षे चालला. डच भौतिकीविद स् ग्राव्हेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीवर पाडून पाहिले, तेव्हा वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट होतो असे आढळले आणि एमिली द्यू शातले यांनी या निष्कर्षाचा जोरदार पुरस्कार केला. मात्र मऊ मातीत रुतलेल्या गोळ्याच्या गतीचे पुढे काय झाले, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्या काळी उष्णता हा एक वजनरहित द्रव मानला जाई. म्यूनिक येथील शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना निघणारी प्रचंड उष्णता पाहून काउंट रम्फर्ड यांनी पाण्यात बुडविलेला तोफेचा धातू एका मुद्दाम बोथट ठेवलेल्या गिरमिटावर घोड्यांकरवी फिरविला. अडीच तासांनी ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. घर्षण चालू असेपर्यंत उष्णता निघतच राहते. तेव्हा न संपणारी ही गोष्ट पदार्थ असू शकत नाही, असा त्यांचा १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेला युक्तिवाद होता. त्यांनी कार्य आणि उष्णता यांचे प्रमाण काढले नाही. घोड्याच्या कार्यशक्तीविषयीच्या त्यांच्या नोंदीवरून तसे प्रमाण जेम्स ज्यूल यांनी पुढे काढून पाहिले आणि ते खऱ्या मूल्यापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने जास्त निघाले. केवळ उष्णतेच्या उगमाचा शोध घेण्यासाठी केलेल्या प्रयोगाच्या मानाने ही जवळीक लक्षणीय आहे.

प्रमाणाचे पहिले प्रसिद्ध मूल्य एका वैद्याकडून आले. युलिउस रोबेर्ट मायर हे १८४० मध्ये डच जहाजावरील वैद्य म्हणून जावा बेटावर गेले असता, तेथे खलाशांच्या शिरांतून काढलेले रक्त त्यांना अपेक्षेपेक्षा अधिक लालभडक दिसले. उष्ण हवामानात शरीराला ऊब राखण्यासाठी कमी ज्वलन करावे लागते, म्हणून रक्तातील ऑक्सिजन कमी खर्ची पडतो, असे त्यांनी ठरविले. आणि शरीराची उष्णता व स्नायूंचे कार्य ही दोन्ही अन्नाच्या ज्वलनातूनच येत असतील, तर त्यांच्यात ठराविक विनिमय-प्रमाण असलेच पाहिजे, या विचारापर्यंत ते पोहोचले. रक्ताच्या रंगाचे त्यांचे स्पष्टीकरण आज जसेच्या तसे मान्य होणार नाही, पण निष्कर्ष खरा ठरला. १८४१ मध्ये त्यांनी पाठविलेला पहिला लेख भौतिकीच्या नियतकालिकाने छापला नाही. त्यात यामिकीच्या चुका होत्या हे खरेच होते. १८४२ मध्ये रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या लेखात त्यांनी स्वतः नवा प्रयोग न करता, स्थिर दाबाखाली हवा तापविण्यास स्थिर घनफळाच्या मानाने जास्त उष्णता का लागते, या उपलब्ध आकडेवारीवरून प्रमाण काढले : ३६५ मी. उंचीवरून पडणारे वजन आपल्याइतक्याच वजनाचे पाणी १ °से.ने तापवू शकते. आजचे मूल्य सुमारे ४२७ मी. आहे. तफावत मुख्यतः त्या काळच्या विशिष्ट उष्णतेच्या चुकीच्या आकड्यांमुळे आली. युक्तिवाद निर्दोष होता.

मायर यांच्या लेखाविषयी काहीही माहीत नसताना मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथील मद्यनिर्मिती व्यवसायातील कुटुंबात वाढलेले जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हे त्याच प्रमाणाचा मापनाच्या वाटेने पाठपुरावा करीत होते. विद्युत् प्रवाहाने तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८४० च्या सुमारास दाखविले होते. पुढे त्यांनी विद्युत् जनित्र फिरवून, अरुंद नळ्यांतून पाणी ढकलून आणि हवा दाबून, अशा वेगवेगळ्या मार्गांनी कार्याचे उष्णतेत रूपांतर केले. त्यांपैकी वल्ह्यांच्या चक्राचा प्रयोग सर्वश्रुत आहे. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे अंतिम रूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. तांब्याच्या पात्रात सुमारे ६ किग्रॅ. पाणी आणि त्यात पितळी वल्ह्यांचे चक्र होते. पाणी चक्राबरोबर नुसतेच गरगरू नये म्हणून पात्रात स्थिर पाती बसविलेली होती. प्रत्येकी सुमारे १३ किग्रॅ.ची दोन शिशाची वजने दोरी व कप्प्यांच्या साहाय्याने १.६ मी. खाली उतरत आणि चक्र फिरवीत. वजने पुन्हा वर गुंडाळून ही क्रिया वीस वेळा केली जाई. पस्तीस मिनिटांच्या या खटाटोपातून पाण्याचे तापमान वाढे ते केवळ ०.३ °से.च्या आसपास.

एवढ्या अल्प वाढीवर विसंबायचे, तर वजाबाक्या काटेकोर हव्यात. खोलीतील हवेमुळे पाण्याला किती उष्णता मिळाली वा त्याने किती गमावली, कप्प्यांच्या घर्षणात किती कार्य गेले, जमिनीवर टेकताना वजनांत किती गती शिल्लक होती, या सर्वांची ज्यूल यांनी स्वतंत्र गणना केली. लोखंडी चकत्या एकमेकींवर घासण्याच्या प्रयोगात होणाऱ्या आवाजातही ऊर्जा जाते. ती किती हे ठरविण्यासाठी त्यांनी तेवढाच मोठा आवाज चेलो या वाद्याच्या तारेतून काढण्यास लागणारे कार्य मोजले. निष्कर्ष असा : १ पौंड पाणी १ °फॅ.ने तापविण्यास ७७२ फूट-पौंड कार्य लागते. हे मूल्य आजच्या मूल्यापेक्षा एक टक्क्याहूनही कमी फरकाने लहान आहे. ऊर्जेच्या एककाला ज्यूल यांचे नाव आहे, ते या चिकाटीला साजेसेच आहे.

वाहवा मात्र लगेच मिळाली नाही. १८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथील सभेत तरुण विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी लक्ष घातल्यावर विषयाकडे इतरांचे ध्यान वळले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी यांत्रिक, औष्णिक, विद्युत् आणि चुंबकीय परिणामांना लागू पडणारी गणिती मांडणी केली. नियतकालिकाने नाकारल्यामुळे तीही स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात छापावी लागली. डेन्मार्कमधील लुडविग कोल्डिंग हेही १८४३ मध्ये स्वतंत्रपणे अशाच विचाराला पोहोचले होते. त्यामुळे शोधाचा मान एकाच व्यक्तीला देणे योग्य होणार नाही. १८५० मध्ये रुडोल्फ क्लॉसियस यांनी या नियमाला ऊष्मागतिकीच्या (उष्णता व कार्य यांच्या संबंधांच्या शास्त्राच्या) पहिल्या नियमाचे रूप दिले आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी वस्तुमान हेही ऊर्जेचे एक रूप असल्याचे दाखविल्यावर त्याची व्याप्ती वाढली.

नियमाची सर्वांत कठीण कसोटी किरणोत्सर्गात लागली. बीटा क्षयात, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर टाकून होणाऱ्या अणुकेंद्रकाच्या बदलात, अणुकेंद्रकाच्या आरंभीच्या व अंतिम ऊर्जांमधील फरक ठराविक असतो. तेव्हा बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जाही ठराविक हवी. प्रत्यक्षात ती शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत कितीही असू शकते, असे जेम्स चॅडविक यांना १९१४ मध्ये आढळले. उरलेली ऊर्जा उपकरणातच कुठेतरी मुरत असेल, ही शंका एलिस व वूस्टर यांनी १९२७ मध्ये केलेल्या उष्णतामापनाने फेटाळली : प्रत्येक क्षयामागे मिळणारी उष्णता कमाल मूल्याएवढी नव्हती, तर सरासरीएवढी, म्हणजे कमाल मूल्याच्या सुमारे एकतृतीयांश, होती. ऊर्जेची अक्षय्यता अणुकेंद्रकात केवळ सरासरीनेच पाळली जात असावी, असे म्हणण्यास नील्स बोर तयार झाले. व्होल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात उलट बाजू घेतली आणि तूट एखादा विद्युत् भाररहित, न दिसणारा कण घेऊन जात असावा असे सुचविले. हा कण, म्हणजे न्यूट्रिनो, प्रत्यक्ष पकडण्यास १९५६ साल उजाडले. अमेरिकेतील सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ राइनेस व कोवन यांनी तो शोधला. हिशेबातील तुटीवरून नव्या कणाचे अस्तित्व ताडण्याची पद्धत तेव्हापासून कणभौतिकीत रूढ आहे.

ऊर्जा अक्षय्य का असते, याचे सर्वांत खोल उत्तर एमी नोएदर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयातून मिळते. भौतिकीचे नियम आज जे आहेत तेच उद्याही असतील, म्हणजे काळाच्या आरंभबिंदूच्या निवडीवर ते अवलंबून नसतील, तर ऊर्जा ही राशी कायम राहिलीच पाहिजे. प्रमेयाची दुसरी बाजू अशी, की जेथे ही सममिती, म्हणजे काळानुसार न बदलण्याचा गुणधर्म, नाही तेथे हमीही नाही. प्रसरण पावणाऱ्या विश्वात अवकाशाची भूमितीच काळानुसार बदलते. विश्वाचे तापमान सुमारे ३,००० केल्व्हिन असताना मुक्त झालेले प्रारण आज २.७ केल्व्हिनपर्यंत थंडावले आहे. त्यातील प्रत्येक फोटॉनाची (प्रकाशकणाची) ऊर्जा सुमारे अकराशे पटींनी घटली आणि ती दुसऱ्या कोणत्याही रूपात साठलेली दाखविता येत नाही. व्यापक सापेक्षता सिद्धांतात, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, संपूर्ण विश्वाच्या एकूण ऊर्जेची सर्वमान्य व्याख्याच सर्वसाधारणपणे करता येत नाही. तेव्हा ‘विश्वातील ऊर्जा कायम आहे’ हे वारंवार उद्धृत होणारे वाक्य आहे त्या रूपात स्वीकारता येत नाही. मात्र प्रयोगशाळेत, यंत्रात किंवा अणुकेंद्रकात नियमाचा भंग झाल्याचे एकही उदाहरण आजवर आढळलेले नाही.