बीओसीचं सर्टिफिकेट की राज्याचं लायसन्स? अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरचे दोन कागद

क्रिकेटमध्ये खेळाडू लंगडला की फिजिओ धावत मैदानात येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये येतो अ‍ॅथलेटिक ट्रेनर. जिममधल्या पर्सनल ट्रेनरशी त्याची गल्लत करू नका. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्येच या पेशाला आरोग्यसेवेत धरलं आहे. खरी गल्लत होते ती त्याच्या दोन कागदांत.

पहिला कागद बीओसीचा, म्हणजे 'बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन' या संस्थेचा. देशभर एकच परीक्षा. मान्यताप्राप्त कोर्स केल्याशिवाय तिला बसता येत नाही आणि हा कोर्स आता मास्टर्सचा असतो. पास झालं की नावापुढे 'एटीसी' लागतं, म्हणजे सर्टिफाइड अ‍ॅथलेटिक ट्रेनर. एवढ्यावर पेशंटला हात लावायला मोकळे झालो असं वाटतं, पण तसं नाही.

ती मुभा राज्य देतं. ४९ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये यासाठी कायदा आहे, बहुतेक ठिकाणी लायसन्सचा. न्यूयॉर्कने वर्षानुवर्षं राज्याच्या परवानगीलाही 'सर्टिफिकेशन'च म्हटलं, म्हणजे झालाच घोळ. टेक्सासचा कायदा सगळ्यात जुना, १९७१ चा. एवढ्या मोठ्या कॅलिफोर्नियात मात्र कायदाच नाही. मला हे अजबच वाटतं.

काय करायचं नि काय नाही, हेही राज्याच्या कायद्यातच लिहिलेलं असतं. शाळेतल्या मुलाच्या डोक्याला मार लागला, कन्कशनची म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची शंका आली, तर त्याला लगेच बाहेर काढायचं, हा नियम सगळीकडे आहे. त्याला परत खेळवायच्या कागदावर सही कुणाची? काही राज्यांत ट्रेनरची चालते, काही ठिकाणी डॉक्टरचीच लागते. दोन्हीकडच्या ट्रेनरचं एटीसी मात्र तेच!

राज्याची हद्द ओलांडली की आणखी गुंता. जानेवारी २०२३ मध्ये बफेलो बिल्स या फुटबॉल संघाचा खेळाडू डमार हॅमलिन सिनसिनाटीत सामन्यात कोसळला, तेव्हा त्याला सीपीआर दिला तो संघाचे सहायक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी. संघ न्यूयॉर्कचा, मैदान ओहायोत. सीपीआरला कुणी लायसन्स विचारत नाही, पण दौऱ्यावरच्या रोजच्या उपचारांचं काय? त्यासाठी २०१८ मध्ये केंद्राने कायदा केला: संघासोबत गेलेल्या ट्रेनरचं घरच्या राज्यातलं लायसन्स आणि विमा तिथेही धरला जातो. ही सवलत हॉस्पिटलमधल्या उपचारांना नाही. आणि नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात, तर एटीसी तेच राहतं, लायसन्ससाठी मात्र नवा अर्ज नि नवी फी.