खेळणं दिलं, मग ठरवायचं कुणी? घरच्या बालशिक्षणाची पार्श्वभूमी

अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्स उघडला की आधी हातात येतो तो सूचनांचा कागद. कागदी बशी या रेषेवर कापा, पाय इथे चिकटवा, झालं कासव. चार वर्षांच्या मुलाला मात्र त्या बशीचं स्टिअरिंग करायचं असतं. मग ‘अरे, आधी कासव तर करू या’ अशी मनधरणी सुरू होते. साहित्य मोठ्यांनी द्यायचं हे सगळ्यांना मान्य आहे. त्याचं काय करायचं हे कुणी ठरवायचं, यावर मात्र बालशिक्षणात दीडशेहून अधिक वर्षं वाद चालू आहे. घरी हाताने, खेळातून शिकवण्याच्या आजच्या पद्धती याच वादातून घडल्या आहेत.

हे शिक्षण बालवाडीतून घरी आलं असा आपला समज असतो. इतिहासात क्रम उलटा दिसतो. चेक धर्मगुरू आणि शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने 1633 मध्ये पहिल्या सहा वर्षांच्या शिक्षणावर एक पुस्तिका छापली. त्यात शाळा होती आईची मांडी आणि घराचं अंगण. मुलाला सतत काहीतरी करू द्यावं, खऱ्या अवजारांचा धोका असेल तर लाकडी द्यावीत, खडूने किंवा कोळशाने हवे ते ठिपके, रेघा, गोल काढू द्यावेत, आणि ते चांगले आले की वाईट हे बघू नये, असं तो सांगतो. शेवटची सूचना आजही कित्येक घरांत पाळली जात नाही.

साठ वर्षांनी, 1693 मध्ये, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने दुकानातल्या महागड्या खेळण्यांवर टीका केली. गुळगुळीत गोटा, कागदाचा तुकडा, आईचा किल्ल्यांचा जुडगा एवढ्यावर लहान मूल तितकंच रमतं, आणि पुढची खेळणी त्याने शक्यतो स्वतःच बनवावीत, असं त्याचं मत. पण अक्षरं शिकवायची वेळ आली तेव्हा याच लॉकने फाशांवर अक्षरं चिकटवून त्यांचा जुगारासारखा खेळ करायला सुचवलं. म्हणजे खेळ मुलाचा, हेतू मोठ्यांचा. वादाची दोन्ही टोकं एकाच माणसात सापडतात.

घरी शिकवण्याचा उत्साह कुठवर ताणतो याचं उदाहरण स्वित्झर्लंडचा शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी याच्या घरात मिळतं. विचारवंत रूसोच्या ‘एमिल’ या शिक्षणावरच्या 1762 च्या ग्रंथाने तो इतका भारावला होता की मुलाचं नावही त्याने रूसोवरूनच ठेवलं. 1774 मध्ये, मूल साडेतीन वर्षांचं असताना, तो त्याच्या शिक्षणाची रोजनिशी लिहू लागला. निसर्गात मोकळं सोडायचंही आणि लॅटिन शब्द घोकायलाही बसवायचं, अशी त्याची ओढाताण तिच्यात दिसते. अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत त्या मुलाला नीट लिहिता-वाचता येत नव्हतं. एवढ्यावरून पेस्टालोझीला मोडीत काढू नये. आधी वस्तू हाताळायची, मग तिचं नाव आणि आकडा, हा क्रम युरोपात रुजला तो त्याच्यामुळेच.

त्याच्या इव्हेर्दों येथील संस्थेत 1808 ते 1810 या काळात एक जर्मन शिक्षक राहून गेला, फ्रेडरिक फ्रोबेल. नऊ महिन्यांचा असताना त्याची आई गेली होती, आणि आईने मुलाशी कसं खेळावं हा विषय पुढे आयुष्यभर त्याच्या डोक्यात राहिला. बर्लिनमध्ये त्याने स्फटिकशास्त्राचाही अभ्यास केला होता. 1837 मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू करून 1840 मध्ये त्याने त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्याच्या खेळसाहित्याच्या पेट्या पाहिल्या की आईची ओढ आणि स्फटिकांची शिस्त दोन्ही एकत्र आलेली कळतात.

पहिल्या पेटीत दोऱ्याला बांधलेले सहा रंगांचे लोकरी चेंडू. दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसरीत एक घन, पण आठ छोट्या घनांचा मिळून झालेला. ती पेटी उघडण्याचीही रीत ठरलेली होती: पेटी टेबलावर उलटी ठेवायची, झाकण खालून सरकवून काढायचं, मग पेटी सरळ वर उचलायची. घन न विस्कटता अखंड उभा राहतो. मुलाने आधी पूर्ण वस्तू पाहायची, मग तिचे भाग करायचे, आणि खेळ संपला की पुन्हा पूर्ण करून ठेवायचं. बांधकाम करतानाही आधीची रचना पाडायची नाही, तीच बदलत न्यायची. सोबत कागदाच्या घड्या, कागदाची वीण, सुईने टोचून चित्रं, मातीकाम. आज जी ‘हस्तकला’ लहान मुलांकडून करून घेतली जाते, तिचा बराचसा भाग या यादीतूनच आलेला आहे.

आणि हे सगळं आयांसाठीही होतं. 1844 मध्ये फ्रोबेलने आई आणि बाळाने मिळून म्हणायच्या बोटांच्या खेळांची सचित्र गाणी छापली. पण प्रशियाच्या सरकारने 1851 मध्ये त्याच्या बालशाळांवर बंदी घातली. त्याचा पुतण्या कार्ल याच्या समाजवादी विचारांशी गल्लत झाली, असं त्याचं एक कारण सांगितलं जातं. पुढच्या वर्षी फ्रोबेल वारला, बंदी उठली 1860 मध्ये. तोवर त्याच्या शिष्यांनी ही पद्धत देशाबाहेर नेली होती. 1856 मध्ये मार्गारेट शुर्त्स हिने अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला स्वतःची मुलगी आणि आसपासची काही मुलं घेऊन घरातच वर्ग भरवला. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन म्हणून त्याचीच नोंद होते.

मग बाजार आला. खेळांचा उत्पादक मिल्टन ब्रॅडली फ्रोबेलच्या पेट्या बनवून विकू लागला. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात एका आईने हे साहित्य पाहिलं आणि ते नऊ वर्षांच्या मुलाला आणून दिलं. तो मुलगा म्हणजे वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. ते गुळगुळीत ठोकळे बोटांतून कधी गेलेच नाहीत, अशा अर्थाचं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं. ही गोष्ट साहित्य विकणाऱ्यांच्या फार आवडीची आहे. तेच ठोकळे खेळलेल्या बाकी हजारो मुलांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही.

गुरूच्या पश्चात शिष्य जसे करतात तसंच इथेही झालं: मूळ कल्पना मागे राहिली आणि पेट्यांचा क्रम पक्का झाला. त्याला घराच्या बाजूने पहिला ठाम आक्षेप घेतला इंग्लंडच्या शिक्षिका शार्लट मेसनने. 1886 मधल्या तिच्या व्याख्यानसंग्रहात सहा वर्षांपर्यंतच्या मुलाने दिवसाचा जास्तीत जास्त वेळ उघड्यावर घालवावा असा आग्रह आहे. मोठ्यांनी सतत खेळ ‘घडवून’ आणू नये, जाणतेपणी हात आखडता घ्यावा, हे तिचं म्हणणं.

मारिया मॉन्टेसरीची कहाणी अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात. 6 जानेवारी 1907 ला रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत तिचं बालगृह सुरू झालं. साहित्य मोजूनमापून बनवलेलं: गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. चुकलं तर साहित्यच सांगतं, बाईंनी टोकायची गरज नाही. मूल काय उचलेल आणि किती वेळ बसेल ते त्याच्या मर्जीवर. पण मनोऱ्याच्या ठोकळ्याची आगगाडी करणं त्यात बसत नव्हतं. अमेरिकेत 1914 मध्ये शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकने नेमकं यावरच बोट ठेवलं. साहित्याच्या खर्चाचा प्रश्न वेगळाच होता. त्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला पानं, बिया, शंख-शिंपले वापरून उत्तर शोधलं. घरी शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा धडा मनोऱ्यापेक्षा जास्त कामाचा आहे, असं मला वाटतं.

कलेच्या बाजूने मोकळीक आली ती व्हिएन्नातून. चित्रकार फ्रान्झ चिझेकने 1897 पासून मुलांचे चित्रवर्ग घेतले. तोवर चित्रकला शिकणं म्हणजे नमुन्याची नक्कल करणं. मुलाचं चित्र हे मोठ्यांच्या चित्राचं कच्चं रूप नव्हे, ती स्वतंत्र चीज आहे, हे त्याने मांडलं. त्याच सुमारास साहित्यही घराघरांत पोचण्याइतकं स्वस्त झालं: 1903 मध्ये अमेरिकेत क्रेयोला रंगखडूंची आठ रंगांची पेटी पाच सेंटला मिळू लागली. बोटांनी रंगवायचे रंग रूथ फेसन शॉ हिने रोममधल्या आपल्या शाळेत तयार केले. एका मुलाने आयोडीन दारावर फासलं आणि ते रागावण्याऐवजी तिने नीट पाहिलं, असं त्यामागचं निमित्त सांगतात.

प्ले-डो या मुलांनी मळून खेळायच्या मऊ लगद्याची कथा तर याहून मजेशीर. कोळशाच्या शेगड्यांनी भिंतीवरच्या कागदावर धरणारी काजळी पुसण्यासाठी सिनसिनाटीची एक कंपनी कणकेसारखा लगदा विकत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं गॅसवर आणि तेलावर तापू लागली, भिंतीवरचे कागदही धुता येणारे आले आणि धंदा बसला. मालकाच्या नात्यातल्या, बालवाडी चालवणाऱ्या के झुफॉल यांनी तो लगदा मुलांच्या हाती देऊन पाहिला. 1956 पर्यंत ते खेळणं म्हणून बाजारात आलं. गंमत अशी की हा लगदा कुठल्याच शैक्षणिक योजनेतून आला नव्हता. कदाचित म्हणूनच त्याच्यासोबत शिस्तही आली नाही.

1947 मध्ये कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डने मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले आणि रंग भरायच्या छापील पुस्तकांवर कडक टीका केली: दुसऱ्याने आखलेल्या पक्ष्यात रंग भरणारं मूल स्वतःचा पक्षी काढायला कचरू लागतं. पुस्तकांच्या खपावर त्याचा काही परिणाम झाला नाही. इटलीत रेज्जो एमिलिया परिसरात 1945 मध्ये गावकऱ्यांनी युद्धानंतर मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा उभी केली. शिक्षक लोरिस मालागुझ्झीच्या पुढाकाराने तिथल्या नगरपालिकेच्या बालशाळांमध्ये पुढे कलाकाराची स्वतंत्र कार्यशाळा आली. डबे, तारा, बुचं, पानं असं ठरावीक उपयोग नसलेलं साहित्य घरी मांडून ठेवण्याच्या सध्याच्या पद्धतीवर तिचा मोठा प्रभाव आहे.

घरून पूर्णवेळ शिकवण्याची वाट मात्र वेगळी होती. बाल्टिमोरची कॅल्व्हर्ट शाळा 1906 पासून टपालाने घरी अभ्यासक्रम पाठवत होती. 1977 मध्ये अमेरिकन शिक्षक-लेखक जॉन होल्टने शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी बॉस्टनहून नियतकालिक सुरू केलं, आणि त्याचा कल अगदी दुसऱ्या टोकाला: पाठ आखूच नका. मग 2020 मध्ये जगभरच्या शाळा बंद झाल्या आणि दीड अब्जाहून अधिक विद्यार्थी एकदम घरी बसले. ज्यांनी फ्रोबेल किंवा होल्टचं नावही ऐकलं नव्हतं अशा आईवडिलांच्या फोनवर वर्कशीट आणि हस्तकलेचे व्हिडिओ येऊन पडू लागले. त्यांतल्या बहुतेकांमध्ये पहिल्या दहा सेकंदांतच तयार वस्तू दाखवलेली असते, आणि तिच्यासारखी झाली नाही म्हणून रडणारी मुलंही तेव्हापासून बऱ्याच घरांत दिसू लागली.