गच्चीवर पाणी साचलं की स्लॅब 'पक्का' होतो?

सोलापुरात घर बांधताना हे हमखास ऐकू येतं: "साचू द्या की पाणी, स्लॅब पक्का होतो! नाहीतरी आपल्याकडं पाऊस किती पडतो?"

याचं मूळ क्युरिंगमध्ये, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवून घट्ट होऊ देण्यात आहे. नव्या स्लॅबवर छोटे बांध घालून निदान 7 ते 10 दिवस पाणी कोंडतात, तेव्हा काँक्रीटला ते हवंच असतं. पुढच्या वर्षांत साचणारं पाणी मात्र निव्वळ ओझं, शिवाय भेगेतून आत शिरून सळई गंजवणारं.

ओझं किती? 1 सेंमी पाणी म्हणजे चौरस मीटरला 10 किलो. माणसांचा वावर नसलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक चौरस मीटरला साधारण 75 किलोचा चलभार (छताच्या स्वतःच्या वजनाखेरीज येणारा, बदलता भार) धरतं. पन्हळ पाल्यानं तुंबली आणि 7.5 सेंमी पाणी साठलं, की तेवढा भार झालाच. वर्षाचा पाऊस कमी असला तरी परतीच्या पावसाची एक जोरदार सर पुरते.

खरा धोका यंत्रमागाच्या शेडसारख्या हलक्या, कमी उताराच्या पत्र्याच्या छताला. पाण्यानं कैची-पर्लिन (पत्रे पेलणारा सांगाडा आणि आडव्या पट्ट्या) वाकतात, खड्डा पडतो, खड्ड्यात आणखी पाणी येतं, ती आणखी वाकतात. जाड स्लॅब इतका वाकत नाही. हिमालयात बर्फावर पाऊस पडला की छतावरचा भार असाच वाढतो; तिथं बर्फाचा भार वेगळा धरतात.

उतार किमान 100 ला 1 ठेवा, पत्र्याला त्याहून बराच जास्त. आणि कठड्यात पन्हळीपेक्षा थोडं वर एक जादा भोक ठेवा, धरणाच्या सांडव्यासारखं. जुन्या माळवदालाही, म्हणजे मातीच्या सपाट छतालाही, उतार असायचाच.